तीस टक्के कुठे गेले? जगभरच्या आरोग्यमंत्र्यांना आणि कृषिमंत्र्यांना खुले पत्र

संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांचे माननीय आरोग्यमंत्री आणि कृषिमंत्री यांस,

सादर नमस्कार.

सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयी उच्चस्तरीय बैठक झाली आणि आपण सर्वांनी मिळून एक जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या सुरुवातीच्या मसुद्यात एक आकडा होता. शेती आणि पशुपालनात वापरली जाणारी प्रतिजैविके व तत्सम औषधे २०३० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी कमी करायची, असे त्यात म्हटले होते. अंतिम मजकुरातून तो आकडा गायब झाला. आता तिथे वापर 'अर्थपूर्ण' प्रमाणात कमी करण्याचा प्रयत्न करू, एवढेच उरले आहे. किती कमी केला म्हणजे तो अर्थपूर्ण, हे कुठेच लिहिलेले नाही. त्या गाळलेल्या आकड्याबद्दल हे पत्र आहे.

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. रक्त, लघवी, पू, थुंकी असे नमुने आमच्याकडे येतात. त्यांतले जंतू आम्ही वाढवतो, ओळखतो आणि कोणते औषध चालेल ते डॉक्टरांना कळवतो. रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि नावापुढे 'एस' किंवा 'आर' असते. 'एस' म्हणजे चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. ओळीने सगळे 'आर' असलेला रिपोर्ट सही करून पाठवला की थोड्याच वेळात अतिदक्षता विभागातून फोन येतो, "मॅडम, अजून काही लावून बघता येईल का?" लावण्यासारखे बहुतेक वेळा एकच उरलेले असते, कोलिस्टिन. हे १९५० च्या दशकातले औषध मूत्रपिंडांना त्रास देते म्हणून बाजूला पडले होते. बाकीची निकामी होत गेली, तशी त्याची पुन्हा आठवण झाली. आम्ही ज्याच्यासाठी असे शेवटी हात पसरतो, तेच औषध वर्षानुवर्षे धडधाकट डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात, वजन वाढावे म्हणून, टनावारी मिसळले गेले. माझा या प्रश्नाशी संबंध येतो तो इथे.

प्रतिरोध, म्हणजे जंतूने औषधाला दाद न देणे, डोळ्यांनी दिसतो. आपल्यापैकी ज्यांनी तो कधी पाहिला नसेल, त्यांच्यासाठी सांगते. प्लेटमधल्या घट्ट पारदर्शक माध्यमावर जंतूंचा पातळ थर बोळ्याने पसरायचा, त्यावर औषध मुरवलेल्या सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट ३५ अंशांना रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी प्लेटभर फिकट वाढ दिसते आणि जिथे औषध चालले, तिथे चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो. तो गोल आम्ही पट्टीने मोजतो. कधी कधी गोल चांगला ऐसपैस असतो, पण त्याच्या आत टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके असतात. नवख्या माणसाला वाटते, प्लेट खराब झाली. तो ठिपका म्हणजे एकाच पेशीची प्रजा असू शकते. शेजारचे सगळे मेले, ती एक वाचली आणि रात्रभरात वाढत गेली. ठिपका उचलून वेगळा वाढवला आणि पुन्हा तीच चकती लावली, की पुष्कळदा गोल आक्रसलेला असतो, किंवा उमटतच नाही. (कोलिस्टिनला ही सोपी चकतीही भरवशाची नाही. त्याचा रेणू माध्यमात नीट पसरत नाही, म्हणून वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे करून त्यांत जंतू वाढतो का ते पाहावे लागते. जिथे निकड सर्वांत मोठी, तिथे चाचणी सर्वांत कटकटीची.)

तो ठिपका औषधाने घडवलेला नसतो. औषधाने त्याला फक्त जागा मोकळी करून दिली. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ मध्ये मखमलीच्या कापडाने एका प्लेटवरच्या वसाहतींचा ठसा जशाचा तसा दुसऱ्या प्लेटवर उमटवला आणि दाखवून दिले की, औषध कधीही न पाहिलेल्या जंतूंमध्येही त्याला पुरून उरणाऱ्या पेशी आधीपासून असतात. हा सगळा संख्येचा खेळ आहे. पोषक वातावरणात ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीच्या आठ तासांत दीड कोटींहून जास्त होतात. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चुका राहतात. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. एखादी नेमकी उपयोगाची ठरते. रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाचे उदाहरण घ्या. एका जनुकातला एक बदल त्याला निष्प्रभ करायला पुरतो आणि असा बदल साधारण दहा कोटी पेशींमागे एकीत आढळतो. क्षयरोग्याच्या फुप्फुसातल्या एका पोकळीत याहून कितीतरी जास्त जंतू असू शकतात. म्हणूनच क्षयावर एकच औषध देत नाहीत. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत नुसते स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आधी झपाट्याने सुधारले, पण पुढे त्यांतल्या अनेकांचे जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. दोन-तीन औषधे एकत्र दिली, की सगळ्यांना एकाच वेळी चुकवणारी पेशी सापडणे जवळजवळ अशक्य होते.

औषधापासून बचावण्याच्या जंतूंच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. औषध तोडणारे विकर बनवायचे, औषध जिथे जाऊन चिकटते ती जागा बदलायची, आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकायचे, किंवा ते आत शिरण्याची छिद्रेच कमी करायची. यांतली पहिली तऱ्हा पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच, १९४० मध्ये, एब्राहम आणि चेन यांनी नोंदवली होती. ही हत्यारे मुळात आपल्यामुळे जन्मलेलीही नाहीत. उत्तर कॅनडातल्या ३० हजार वर्षे गोठलेल्या जमिनीत प्रतिरोधाची जनुके सापडली आहेत. मातीतले जंतू एकमेकांशी लढताना ती वापरत आले. आपण केले ते एवढेच, की ही हत्यारे ज्यांच्याकडे होती त्यांची भरभराट केली.

आता त्या आकड्याशी थेट जोडलेल्या गोष्टीकडे येते. प्रतिरोध फक्त वारशाने मिळत नाही, तो उसनाही मिळतो. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या साथीत एकाच वेळी चार औषधांना न जुमानणारे 'शिगेला' नावाचे आमांशाचे जंतू सापडू लागले. त्याच रुग्णांच्या आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडेही नेमका तोच चौपदरी प्रतिरोध होता. १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवले की, हा गुण एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे संपर्काने जातो. तो वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या वेटोळ्याला प्लाझ्मिड म्हणतात आणि एका वेटोळ्यावर अनेक औषधांची जनुके रांगेत बसलेली असू शकतात. अशा जंतूला त्यांपैकी कोणतेही एक औषध मिळाले, तरी सगळी रांग टिकते.

डेन्मार्कने याचा अनुभव घेतला. माणसांच्या गंभीर संसर्गांवर वापरल्या जाणाऱ्या व्हॅन्कोमायसिनचा भाऊ शोभेल असे अ‍ॅव्होपार्सिन तिथे जनावरांच्या खाद्यात घालत. त्यामुळे व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे एन्टेरोकॉकस हे आतड्यातले जंतू वाढले, तेव्हा १९९५ मध्ये त्यावर बंदी आली. कोंबड्यांमध्ये असे जंतू कमी झाले. डुकरांमध्ये मात्र काही केल्या हटेनात. कारण डुकरांना टायलोसिन हे वेगळेच औषध चालू होते आणि दोन्हींचा प्रतिरोध एकाच प्लाझ्मिडवर होता. १९९८ मध्ये टायलोसिनचा तसा वापर थांबला, त्यानंतर डुकरांमधले प्रमाणही उतरू लागले. म्हणजे एखाद-दुसऱ्या औषधाचे नाव यादीतून काढून भागत नाही, एकूण वापरच खाली यावा लागतो. मसुद्यातले ३० टक्के एकूण वापराचे होते.

खाद्यातला डोस थोडा असतो, म्हणून निरुपद्रवी, असा एक युक्तिवाद अजून ऐकू येतो. तो उलटा आहे. मोठा डोस बहुतेकांना मारतो, अगदी कमी डोस कोणाला मारत नाही, पण थोडीशी सरस असलेल्या पेशीला हळूहळू पुढे काढतो. जंतूची वाढ थांबवायला लागते त्याच्या कित्येक पट कमी तीव्रतेतही ही निवड चालते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये टेबलाएवढ्या प्लेटवर औषधाचे पट्टे केले होते, कडेला शून्य आणि मध्याकडे दहापट, शंभरपट, हजारपट. जंतू प्रत्येक सीमेवर अडले, तिथे एखादा बदललेला जंतू निघाला, त्याची प्रजा पुढच्या सीमेपर्यंत गेली. दीडेक आठवड्यात ते हजारपट पट्ट्यात पोहोचले. पायऱ्या मिळाल्या म्हणून ते चढले. खाद्यातून दीर्घकाळ दिलेली अल्प मात्रा ही पहिली पायरी आहे आणि ती आपण सरकारी परवान्याने बांधून दिली आहे. थोड्या मात्रेचा हा धोका पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात सांगितला होता. तेव्हा जनावरांच्या खाद्यात ही औषधे घालण्याची पद्धत सुरूही व्हायची होती.

माझ्या तक्रारी आता एकेक सांगते.

पहिली, आकडा गाळण्याची. तो अवाच्या सवा नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मस्कतच्या मंत्रिपरिषदेत ४७ देशांनी शेती-पशुपालनातला वापर २०३० पर्यंत ३० ते ५० टक्क्यांनी कमी करण्याच्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला होता. नेदरलँड्सने २००९ ते २०१२ या काळात जनावरांसाठीच्या प्रतिजैविकांची विक्री जवळपास निम्म्यावर आणली. डेन्मार्कमध्ये १९९२ ते २००८ मध्ये दर किलो डुकरामागचा वापर निम्म्याहून कमी झाला आणि उत्पादन वाढतच राहिले. दूध तोडलेल्या पिलांना काही काळ हगवण जास्त झाली, हेही खरे. तिथे गोठ्याची व्यवस्था आणि दूध तोडण्याचे वय बदलावे लागले. मस्कतला मान्य होणारी गोष्ट दोन वर्षांनी न्यूयॉर्कला अडचणीची का झाली, याचे उत्तर कोणी जाहीरपणे दिल्याचे मला दिसले नाही.

दुसरी तक्रार कोलिस्टिनची आहे आणि ती माझ्या सर्वांत जवळची. कोलिस्टिनला निकामी करणारे, प्लाझ्मिडवर बसलेले एमसीआर-१ हे जनुक नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केले. त्यांच्या नमुन्यांत कत्तलीसाठी आणलेल्या डुकरांमधल्या ई. कोलायमध्ये ते २१ टक्के, कच्च्या मांसात १५ टक्के आणि रुग्णांमध्ये फक्त १ टक्का होते. प्रवासाची दिशा यातून पुरेशी कळते. काही महिन्यांतच जगाच्या अनेक भागांत, जुन्या साठवलेल्या नमुन्यांतही ते सापडले. चीनने २०१७ मध्ये वजनवाढीसाठी कोलिस्टिन वापरणे बंद केले. त्यानंतर डुकरांमध्ये कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून दोनेक वर्षांत ५ टक्क्यांवर आले, आणि निरोगी माणसांच्या आतड्यात एमसीआर-१ बाळगणाऱ्यांचे १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर. भारतानेही २०१९ मध्ये खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. इतका स्वच्छ पुरावा सार्वजनिक आरोग्यात फार क्वचित मिळतो. रुग्णालयात एक गोळीही कमी न करता, गोठ्यातल्या निर्णयाने माणसांच्या शरीरातला प्रतिरोध कमी झाला. तरीही जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या ताज्या अहवालांनुसार माहिती देणाऱ्या देशांपैकी सुमारे एकपंचमांश देशांत आजही केवळ वजनवाढीसाठी अशी औषधे वापरली जातात.

तिसरी. जाहीरनाम्यात माणसांच्या बाबतीत आकडे आहेत. जंतूंच्या प्रतिरोधाशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करायचे, माणसांसाठीच्या वापरात किमान ७० टक्के प्रतिजैविके पहिल्या फळीतली हवीत, वगैरे. म्हणजे आकडा कसा घालायचा हे आपल्याला येते. जनावरांच्या रकान्यात आल्यावरच हात आखडतो, आणि जगात विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा निम्म्याहून बराच मोठा वाटा याच रकान्यात जातो असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आरोग्यमंत्री वॉर्डात पाणी मारत आहेत आणि कृषिमंत्री बैठकीत मागच्या रांगेत बसले आहेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चौथी, रुग्णावर ढकलण्याची. आपल्या जनजागृतीची पोस्टरे मी पाहते. सगळीकडे एकच: सर्दीला अँटिबायोटिक घेऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. योग्यच आहे, आणि मीही नातेवाइकांना तेच सांगते. पण लघवीच्या साध्या संसर्गासाठी आलेल्या ज्या बाईने आयुष्यात एखाद-दुसराच कोर्स घेतला, तिच्या कल्चरमध्ये पाच 'आर' आले, तर ते पोस्टर तिला काय सांगणार? तिच्या पोटात तो जंतू बाहेरून तयार होऊन आला. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्येच दाखवले होते की, कोंबड्यांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातलेले खाद्य सुरू केल्यावर आठवड्याभरात त्यांच्या आतड्यातले जंतू प्रतिरोधक झाले आणि काही महिन्यांत त्याच शेतावर राहणाऱ्या माणसांमध्येही तसे जंतू वाढले, त्यांनी ते औषध घेतलेले नसताना. तेव्हापासून पन्नासेक वर्षे झाली.

पाचवी थोडक्यात. नव्या औषधांवर भिस्त ठेवू नका. अकाओजेन या कंपनीने प्लाझोमायसिन नावाचे नवे प्रतिजैविक काढले, जून २०१८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जे औषध जपून, कमीत कमी वापरायचे, त्याच्या विक्रीवर कंपनी जगू शकत नाही. हे व्यापाराचे साधे गणित आहे, त्यात कोणाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. ते बदलणे मात्र तुमच्याच हातात आहे.

आणि प्रयोगशाळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितले की, २०२३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जिवाणू संसर्गांपैकी सहातला एक प्रतिरोधक होता. मला 'प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या' हे शब्द बोचतात. जिथे प्लेट लावायला माणूस, माध्यम आणि वीज नाही, तिथले जंतू या हिशेबात येतच नाहीत, आणि तिथले डॉक्टर अंदाजाने सर्वांत जहाल औषध सुरू करतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. आजारी जनावराला औषध द्या, जरूर द्या, पशुवैद्याने तपासून द्या. छोट्या पशुपालकाला एकदम उघड्यावर टाका, असेही मी म्हणत नाही. लस, स्वच्छ पाणी, कमी दाटी आणि सल्ला यांसाठी त्याला पैसे लागतील, आणि ते सरकारनेच द्यायला हवेत. माझा विरोध निरोगी जनावराला रोज चमचाभर औषध चारण्याला आहे.

माझ्या मागण्या या:

प्रतिरोधाविषयीचा २०१५ चा जागतिक कृती आराखडा २०२६ पर्यंत अद्ययावत करायचा, असे आपल्याच जाहीरनाम्यात ठरले आहे. त्या आराखड्यात शेती-पशुपालनातल्या वापरात किमान ३० टक्के कपात २०३० पर्यंत, हा आकडा परत घाला. कोणत्या वर्षाच्या तुलनेत, तेही लिहा. नाहीतर आकडा असूनही नसल्यासारखा.

माणसांसाठी महत्त्वाची असलेली कोणतीही प्रतिजैविके वजनवाढीसाठी वापरण्यावर प्रत्येक देशाने तारखेसह बंदी जाहीर करावी. कोलिस्टिनवर ती आजच घालता येते; त्यासाठी आणखी एका समितीची गरज नाही.

कोणते औषध, किती किलो, कोणत्या जनावरांसाठी विकले गेले, हे दरवर्षी देशवार प्रसिद्ध करा. गोपनीयतेची सबब सांगू नका. आमच्या रिपोर्टमधले 'आर' आम्ही लपवत नाही.

नव्या औषधाच्या कंपनीला विक्रीच्या प्रमाणात नव्हे, तर औषध उपलब्ध ठेवल्याबद्दल ठरावीक वार्षिक रक्कम देण्याची व्यवस्था करा. ब्रिटनने ती सुरू केली आहे, तेव्हा अशक्य आहे असे म्हणता येणार नाही.

ज्या देशांकडे कल्चर करण्याची सोय नाही, त्यांच्या प्रयोगशाळांसाठी पैसा आराखड्यातच बाजूला काढा, भाषणात नको.

पुढची उच्चस्तरीय बैठक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. तिथे येताना प्रत्येक आरोग्यमंत्र्याने आपल्या कृषिमंत्र्याला बरोबर आणावे आणि दोघांनी मिळून एकच कागद मांडावा: आपल्या देशात जनावरांसाठी विकली गेलेली प्रतिजैविके, वर्षागणिक, किलोमध्ये.

आपली,
एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ